पोपटी जंत

तीस वर्षं मी लोकांकडून शेण, लेंड्या आणि त्याहून वाईट गोष्टी मागून घेतल्या. सोलापुरातल्या एका जनावरांच्या सरकारी दवाखान्यात मी परिचर होते. परिचर म्हणजे झाडायचं, पुसायचं, बाटल्या उकळायच्या, म्हशीचं शेपूट धरायचं आणि बैलाच्या मनात लाथ आली की ती डॉक्टरांच्या आधी आपल्याला कळायला पाहिजे. दवाखान्याचं नाव लिहीत नाही. तिथले लोक अजून नोकरीत आहेत आणि मला कुणाचा फोन नको.

या अंकाच्या संपादक ताई घरी आल्या आणि म्हणाल्या, "मावशी, मुक्या प्राण्यांच्या मायेबद्दल लिहा." मी म्हटलं, माया वगैरे काही नव्हती, नोकरी होती. आणि मुकेही नसतात. रेड्याला टाके घालताना एकदा शेजारी उभ्या राहा. त्यांनी विचारलं, मग लक्षात काय राहिलंय? मी म्हटलं, एक मांजराचं पिल्लू, आणि तेही काही अभिमानानं सांगण्यासारखं नाही. त्या म्हणाल्या, तेच लिहा. माझं शिक्षण चौथीपर्यंत. शुद्धलेखन त्यांनी सुधारलंय, बाकी सगळं माझं.

आधी काम सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. जनावराला बोलता येत नाही. त्याच्या वतीनं मालक बोलतो आणि मालक खोटं बोलतो. म्हणून शेण तपासायचं. शेण खोटं बोलत नाही, असं आमचे एक जुने डॉक्टर म्हणायचे. काचेच्या पट्टीवर मिठाच्या पाण्याचा थेंब टाकायचा, काडीच्या टोकावर मावेल एवढं शेण त्यात कालवायचं, वर पातळ काच ठेवायची आणि दुर्बिणीखाली, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली, बघायचं. पोटात जंत असले तर त्यांची अंडी दिसतात. कुठली गोल, कुठली लिंबासारखी, कुठली टोपी घातलेली. बोटभर नमुना पुरतो, पण ताजा पाहिजे आणि स्वच्छ पाहिजे. एवढंच मी लोकांना सांगायची, आणि लोक तेवढंच ऐकायचे नाहीत.

एकानं डोक्यावरून घमेलं भरून आणलं. एका बाईंनी आपल्या कुत्र्याचं चांदीच्या कागदात गुंडाळून आणलं आणि मला म्हणाल्या, "एवढं पुरेल ना? अजून एक तुकडा आहे घरी." एक शेळीवाला शेजाऱ्याच्या शेळीच्या लेंड्या घेऊन आला. म्हटलं, ह्या तुझ्या शेळीच्या नाहीत तर आणल्या कशाला? तो म्हणाला, "आमची देतच न्हाय हो मावशी. आन दोघी येकाच बाभळीचा पाला खात्यात की!"

काच तयार करायची माझी, धुवायची माझी. मधलं बघायचं काम डॉक्टरांचं. पण काच दुर्बिणीखाली ठेवताना आणि काढताना डोळा लावायला किती वेळ लागतो? तीस वर्षं मी बघत होते. एकदा एका साहेबांना मी सांगितलंही, साहेब, शेळीच्या काचेवर कोपऱ्यात अंडी आहेत, तुमच्या नजरेतून सुटली. साहेब म्हणाले, "कौसाबाई, तुमची नेमणूक फरशीसाठी आहे." बरोबरच होतं. तेव्हापासून बघणं चालू ठेवलं, बोलणं बंद केलं.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी नातेपुत्याकडचे एक नवे डॉक्टर बदलून आले. पोरगेलेसे, पण हात चांगला. अडलेली गाय अर्ध्या तासात मोकळी करायचे. गाईम्हशीत वाढलेले. मांजर म्हणजे दुधाच्या भांड्यापासून हाकलायची वस्तू, याच्यापलीकडे त्यांचा आणि मांजराचा संबंध आला नव्हता.

अशात एका सकाळी नरसय्या आला. शहराच्या पूर्व भागातला विणकर, तेलुगू माणूस, साठीच्या पुढचा. घराच्या पुढच्या भागात दोन यंत्रमाग, टॉवेल विणायचे. खांद्यावर टॉवेल, हातात टॉवेलची पिशवी, आणि पिशवीत टॉवेलात गुंडाळलेलं मुठीएवढं पट्ट्यापट्ट्याचं पिल्लू. त्याला महिनाभर जुलाब होते. डोकं तेवढं मांजराचं राहिलं होतं, बाकी पिशवीच.

"पाळलंय का?" डॉक्टरांनी विचारलं.

"न्हाय न्हाय," नरसय्या म्हणाला. "उंदरासाठी ठेवलंय. सूत कुरतडत्यात उंदरं."

मी पिल्लाकडे बघितलं. आमच्या दवाखान्यातला उंदीर त्याच्यापेक्षा मोठा होता.

"काय खातंय?"

"दूध-भाकरी. दोन दिस ओव्याचं पाणी दिलं. मग येरंडेल दिलं."

"जुलाबावर एरंडेल?" डॉक्टर ओरडले.

"काय आसंल ते सगळं निघून जाऊ दे म्हटलं की!"

डॉक्टरांनी दूध आणि एरंडेल दोन्ही बंद करायला सांगितलं आणि नमुना मागितला. नरसय्यानं पिशवीतून शेंगाचटणीची प्लास्टिकची बरणी काढली. वरचं लेबल तसंच होतं. ती त्यानं टेबलावर डॉक्टरांच्या जेवणाच्या डब्याशेजारी ठेवली. आमच्याकडे शेतकरी प्रेमानं काहीबाही आणून देतात, त्यामुळे डॉक्टर आधी म्हणाले, "अहो मामा, हे कशाला?" आणि झाकण उघडलं. त्या दिवशी त्यांनी डबा परत नेला.

बरणीत आत सगळा कापूस होता, आणि कापसात माल. मागावरून बारीक कापूस उडतो, सुताचे तुकडे पडतात. ते गोळा करून नरसय्यानं एका फुटक्या खोक्यात पिल्लासाठी भरलं होतं. घरात सगळीकडे फरशी, माती कुठून आणणार? पिल्लू त्यातच झोपायचं आणि त्यातच बाकीचं करायचं.

मी काच तयार केली. डॉक्टरांनी डोळा लावला आणि लगेच म्हणाले, "जंत! केवढाले आहेत. लांबच्या लांब." जंताचं औषध दिलं आणि आठ दिवसांनी यायला सांगितलं.

काच काढताना मी बघितलं. लांब होते खरे, पण एक पोपटी होता आणि दोन लाल.

मी लहानपणी आईबरोबर कांड्या भरलेल्या आहेत. कांडी म्हणजे मागाच्या धोट्यात बसते ती सुताची गुंडाळी. चौथी झाली आणि मला शाळेतून काढून कांड्यांवर बसवलं. सूत मला अंधारात बोटाला कळतं. तो जंत नव्हता, टॉवेल होता.

मी काच धुतली आणि गप्प बसले. डॉक्टर शिकलेले, माझी नेमणूक फरशीसाठी. आणि म्हटलं, जंताचं औषध आहे, मांजराला काय होतंय? हा माझा मूर्खपणा. तो आता लिहून ठेवते.

त्या आठ दिवसांत नरसय्यानं डॉक्टरांच्या मोबाईलवर रोज सकाळी फोटो पाठवले. बाकीच्या लोकांकडून त्यांना फुलांचे फोटो आणि सुप्रभात यायचं, नरसय्याकडून हे. खाली लिहिलेलं, 'आजचं'. एकदा 'आजचं, दुसरं'. डॉक्टर मला म्हणाले, "मावशी, आता फोन वाजला की माझी भूकच जाते."

आठ दिवसांनी पिल्लू आणखी वाळलं होतं. पुन्हा बरणी आली. पिल्लाचं बूड दुखतं म्हणून नरसय्यानं खोक्यात कापूस वाढवला होता, त्यामुळे काचेवर जंतही वाढले. डॉक्टरांनी पुन्हा औषध दिलं. मी पुन्हा गप्प.

आणखी आठ दिवसांनी, तिसऱ्या खेपेला, नरसय्याबरोबर त्याची सून आली. पद्मा नाव, तिशीची, कामाची बाई. मागावर ती, स्वयंपाकाला ती, आणि दीड महिना फरशी पुसायलाही तीच. आल्या आल्या तिनं डॉक्टरांना सुनावलं. "लग्नातल्या आहेराचे टॉवेल व्हते, साहेब. दोनशे. टोपी-टॉवेल देतेत न्हाय का, त्येचे. घडी घालून ठिवलेले. ह्यानं वरच्या थप्पीवर जाऊन केलं. आता पावन्यांच्या मांडीवर काय त्ये ठेवू? रविवारपर्यंत बरं झालं तर झालं, न्हायतर मी ह्येला मंडईत नेऊन सोडनार."

"मंडईत कुत्री हैत," नरसय्या म्हणाला.

"मग कुत्र्यांना सांगा, आमच्याकडं उंदरासाठी व्हतं म्हनून."

नरसय्यानं पिशवी पोटाशी धरली आणि आत बघत तेलुगूत हळूच काहीतरी म्हणाला. मला तेलुगू येत नाही, पण उंदीर मारायला ठेवलेल्या नोकराशी असं कुणी बोलत नाही.

त्या दिवशी शुक्रवार होता. डॉक्टर दुर्बिणीतून वर आले आणि म्हणाले, "अजूनही आहेत. आता जालीम औषध द्यावं लागेल. सहन झालं तर झालं."

मी पिल्लाकडे बघितलं. त्याला फरशीवर ठेवलं तर ते उभं राहत होतं आणि मग जरा वेळानं आपणच बसत होतं, जसं म्हातारं माणूस बसतं. माझ्या तोंडून निघून गेलं, "साहेब, जंताला पोपटी रंग कुठनं आला?"

डॉक्टर वळले. "तुमी दुर्बिणीत बघता, मावशी?"

"पुसताना दिसतं."

"मग काय आहे ते?"

"सूत हाय. पीळ बघा की त्येचा. जंताला कोन पीळ देतंय?"

ते लाल झाले. मला वाटलं, आता निवृत्तीला चार महिने राहिलेत आणि हा माणूस माझ्याविरुद्ध वर कागद पाठवणार. पण ते माघारी दुर्बिणीवर वाकले. बराच वेळ वाकलेले राहिले. मी नरसय्याच्या खांद्यावरच्या टॉवेलचा एक धागा ओढला, दुसऱ्या काचेवर ठेवला आणि त्यांच्यापुढे सरकवली. एकदा ती बघितली, एकदा ही बघितली. मग ते उठले आणि नरसय्याला म्हणाले, "मामा, तुमी बघा."

नरसय्यानं चष्मा काढून डोळा लावला.

"माझंच हाय," तो म्हणाला. "ईस नंबरचं, दोन पदरी." आणि मग त्याचा आवाज चढला. "आन ह्यो रंग बघा! कडेला फुटलाय! मी त्या रंगवाल्याला लाख येळा सांगितलं, पोपटी कच्चा हाय तुजा. न्हाय म्हनला! आता दावतो त्येला. ही काच मला द्या साहेब!"

काच सरकारी होती, दिली नाही. पद्मा इतकी हसली की तिला बाकावर बसावं लागलं. हसता हसताच तिनं विचारलं, "मंजे पंदरा दिस मांजराला टॉवेलचं औशद चाललं व्हतं?" डॉक्टरांनी मान हलवली. त्यांच्याबद्दल मला जे काही बरं वाटतं, ते त्या मान हलवण्यापासून.

"मग जुलाब कशाचे?" ते स्वतःशीच म्हणाले. मग आम्हाला समजावून सांगितलं. डोळ्यांना दिसणारे जंत सोडून पोटात आणखी बारीक जीव असतात. ते काही रोज पडत नाहीत, आणि पडले तरी गार झाल्यावर मरून जातात, मग काचेवर ओळखू येत नाहीत. नमुना अर्ध्या तासाच्या आत पाहिजे, कोमट पाहिजे, आणि त्यात कापूस नको. पिल्लाला दवाखान्यात ठेवून बघितलं. ते भिंतीकडे तोंड करून बसलं आणि दोन तास काहीही केलं नाही. दीड महिना थांबत नव्हतं, आणि सरकारी जागेत आल्यावर थांबलं.

म्हणून शनिवारी सकाळी डॉक्टरांनी मला नरसय्याच्या घरी पाठवलं. कामाचं स्वरूप असं: मांजरासमोर बसायचं आणि वाट बघायची.

पद्मानं खोकं बाहेर काढलं, फरशी धुतली. मी बाटली आणि काडी घेऊन पिढ्यावर बसले. मला मांजर आवडत नाही, हे नरसय्याला आधीच सांगून टाकलं. नरसय्यानं पिल्लाला त्रास नको म्हणून दोन्ही माग बंद केले. त्या घरात बहुतेक पहिल्यांदाच इतकी शांतता झाली असावी, कारण शेजारीण विचारायला आली, "कोन गेलं का?"

तास गेला. पिल्लू घरभर कापूस शोधत फिरलं. येऊन माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे बघितलं. नरसय्या खालच्या आवाजात म्हणाला, "अक्का, तुमी जरा तिकडं बघा. त्येला लाज वाटत आसंल."

मी तिकडे बघितलं. त्यानं काही फरक पडला नाही. दुसरा तास गेला. कडक भाकरी आणि चहा झाला. डॉक्टरांचा फोन आला, "मावशी, काही प्रगती?" म्हटलं, बसलीय मी. ते म्हणाले, "तुमची न्हाय, मांजराची."

शेवटी पद्मा वैतागली. "त्येच्या मुहूर्तासाठी मी आहेराचे टॉवेल पुन्ना कवा विनू?" असं म्हणून तिनं बटण दाबलं. माग सुरू झाला, खटक-खटक, खटक-खटक. फरशी थरथरायला लागली. पिल्लानं कान टवकारले, मागाखाली त्याच्या रोजच्या जागी गेलं, गोल फिरलं आणि बसलं. जन्मापासून त्याला त्या आवाजाची सवय. शांततेत त्याला होत नव्हतं.

"आलं! आलं!" नरसय्या असा ओरडला की सुनेला दिवस गेल्यावरही ओरडला नसेल.

मी बाटलीत घेतलं, झाकण लावलं आणि गार होऊ नये म्हणून बाटली कमरेला आत खोचली. नरसय्यानं स्कूटर काढली. मागे मी एका अंगानं बसलेली, एक हात त्याच्या खांद्यावर, एक कमरेवर. सिग्नलला आमच्या गल्लीतली एक बाई भेटली. "कंबर धरली का हो मावशी?" म्हणाली. म्हटलं, व्हय, लई धरलीय. दुसरं काय सांगणार?

दवाखान्यात डॉक्टर काच हातात घेऊनच उभे होते. मी थेंब टाकला, कालवलं, वर काच ठेवली. त्यांनी डोळा लावला. आणि मग शाळेतल्या मुलासारखे ओरडले, "पळतंय! मावशी, पळतंय बघा!"

मला त्यांनी स्टुलावर बसवलं. त्या दुर्बिणीपुढे मी पहिल्यांदाच बसून बघत होते, एरवी उभ्यानं, चोरून. आत बारीक बारीक काहीतरी गिरक्या घेत चाललं होतं, झाडावरून वाळकं पान उतरावं तसं. एक जरा थांबलं तेव्हा नीट दिसलं. पेरूच्या आकाराचं आणि त्याला दोन डोळे. माझ्याकडेच बघत होतं. तीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी आतून बघितलं. त्याचं नाव डॉक्टरांनी सांगितलं, जियार्डिया. जंताची साधी औषधं एकदा देऊन ते जात नाही. पाच दिवस रोज वेगळ्या मापानं औषध, रोज पिल्लाचं बूड धुणं, आणि ते खोकं कापसासकट जाळून टाकणं. कारण आतून बरं झालेलं पिल्लू अंग चाटताना तेच पुन्हा पोटात घेतं. नरसय्या प्रेमानं कापूस वाढवत होता आणि पिल्लू त्यातच पुन्हा पुन्हा आजारी पडत होतं.

रविवारी दवाखाना सकाळी दोन तास उघडा असतो. पद्मा एकटीच आली, हातात पिशवी. मला वाटलं औषध न्यायला आली. ती म्हणाली, "मामांना सांगितलं न्हाय मी. खरं सांगा साहेब, ह्ये बरं व्हनार का? का आजून पाच दिस, मग आजून पाच दिस? रविवार म्हटलं व्हतं मी. मंडई हितनं जवळ हाय."

डॉक्टर म्हणाले, "व्हायला पाहिजे." मग माझ्याकडे बघितलं. पंधरा दिवस चुकीचं औषध दिलेला माणूस, खात्रीनं कुठल्या तोंडानं सांगणार?

मी म्हटलं, "पाच दिवस दे. न्हाई झालं तर मी नेते माझ्या घरी."

"तुमी? तुमाला तर मांजर आवडत न्हाय, मामा सांगत व्हते."

"न्हाईच आवडत. पण ते सूत मी पहिल्याच दिवशी वळखलं व्हतं. बोलले न्हाई. तुझी फरशी पंधरा दिवस जास्त घाण झाली ती माझ्यामुळं. आन ते वाळलं ते बी."

डॉक्टर एकदम माझ्याकडे वळले. त्यांनाही हे माहीत नव्हतं. मला वाटलं पद्मा भांडेल. भांडायला पाहिजे होतं. ती पिशवीतल्या पिल्लाकडे बघत उभी राहिली. मग म्हणाली, "मी बी बोलत न्हाय पुष्कळदा," आणि औषध कसं द्यायचं ते दोनदा विचारून, पाठ करून गेली. मंडईच्या बाजूला वळते का ते मी दारातून बघितलं. नाही वळली.

पाच दिवसांचं औषध झालं, त्यावर आणखी एक आठवडा गेला. त्यात एका सकाळी डॉक्टरांचा फोन वाजला. त्यांनी फोटो बघितला आणि आम्हाला सगळ्यांना हाक मारली. आम्ही गोळा होऊन बघितलं. घट्ट. शिपाई म्हणाला, "छान आहे." डॉक्टरांनी तो फोटो आपल्या बायकोलाही पाठवला. त्यावर घरी काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही.

शेवटची तपासणी करायला पद्माच पिल्लू घेऊन आली. डॉक्टरांनी बघितलं, मग मला म्हणाले, "तुमी बघा. आणि बोला." मी स्टुलावर बसले. सगळी काच या कडेपासून त्या कडेपर्यंत बघितली. काही नव्हतं. धागासुद्धा नव्हता.

"साफ हाय," मी पद्माला म्हटलं. "ने तुझं मांजर."

"माझं न्हाय, मामांचं हाय," ती फणकारली आणि पिशवी उचलून निघाली. दारापर्यंत गेली. बाहेर दुपारचं ऊन होतं. तिनं पिल्लू पिशवीतून काढलं, पदराच्या आत छातीशी धरलं, आणि वरून आणखी एक टॉवेल घेतला, नवा कोरा, अजून घडीही न मोडलेला. मग मी बघत नाही ना ते बघायला मागं वळली.

मी घाईनं रजिस्टरात तोंड घातलं. ते इंग्रजीत असतं आणि मला त्यातलं एक अक्षर कळत नाही. पण ती गेटाबाहेर जाईपर्यंत मी ते मन लावून वाचलं.